दुःशासनाचा गुडघा

शुक्रवार, ८ ऑगस्ट

"हा पाय ज्याने पास केला, त्याला मेलेल्या कोंबडीलाही हात लावू देऊ नका."

काल संध्याकाळी दुशान ह्राबेक त्याच्या फुटबॉलच्या शोमध्ये हे बोलला. हसत. हार्बरफ्रंटच्या त्या स्टुडिओत शेजारी बसलेले दोघेही हसले. आज सकाळपर्यंत तीस हजार लोकांनी पाहिलं होतं.

तो 'ज्याने' म्हणजे मी. क्लबची फिजिओ, सहा वर्षांपासून.

काय झालं ते इथे तरी सरळ लिहिते. दोन तारखेला, शनिवारी सेमीफायनल होती. त्याआधी गुरुवारी इर्वान माझ्या टेबलावर होता. आमचा लेफ्ट विंगर, सत्तावीस वर्षांचा. पायाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या मुळाशी दाबलं तर त्याने पाय मागे ओढला. "थोडं दुखतं, काक," म्हणाला. मलायमध्ये थोरल्या बहिणीला काक म्हणतात, सगळे खेळाडू मला तेच म्हणतात. मी जनरल मॅनेजर टेओंना सांगितलं, एमआरआय करू या. ते म्हणाले, "सेमीफायनलनंतर." मी फॉर्मवर 'फिट' लिहिलं. सही केली. तेविसाव्या मिनिटाला हाड मोडलं. जवळ कोणी नव्हतं, नुसता वळला तो.

थोडं दुखतं असं सगळेच म्हणतात. सगळ्यांना बसवलं तर मैदानात कोण उतरणार?

त्या स्लोव्हाक माणसाला हे कोण सांगणार?

शनिवार, ९ ऑगस्ट

नॅशनल डे, इथला स्वातंत्र्यदिन. समोरच्या ब्लॉकच्या प्रत्येक मजल्यावर झेंडे. रत्नदीप म्हणाला, "संजू, तो सगळ्यांनाच बोलतो. रेफरींना, असोसिएशनला, मुलांच्या आईबापांना. त्याचं पोट त्यावरच चालतं." माझा नवरा इंजिनिअर आहे. त्याला वाटतं, आवाज बंद केला की बिघाड गेला.

राणी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "आई, इग्नोर हिम लाह. बट ही इज क्वाइट फनी."

चौदा वर्षांची झाली, प्रत्येक वाक्याला इथल्या मुलांसारखं 'लाह' चिकटवते. आईच्या बाजूने एक वाक्य बोलायला काय जातं?

मंगळवार, १२ ऑगस्ट

टेओंनी बोलावलं. लीगने चौकशी समिती नेमली आहे. त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'तपासणीच्या वेळी खेळाडूने कोणतीही वेदना असल्याचे सांगितले नाही.' खाली माझं नाव, सहीची जागा.

"घाई नाही," म्हणाले. "पण सप्टेंबरात तुमचा पास रिन्यू करायचा आहे ना?"

पास म्हणजे इथे नोकरी करायची परवानगी, आणि ती क्लबच्या हातात. आवाज किती मऊ! चहा घेणार का, असंही विचारलं.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

काल त्याने नाव घेतलं. "मिस संजीवनी. सहा वर्षं तिथे आहे. मिस संजीवनी, तुझ्या टेबलावर इर्वान ओरडला नाही का? की तू गाणी ऐकत होतीस?"

दुशान नाही, दुःशासन. आजपासून ह्या वहीत हेच नाव.

दुपारी नागपूरहून सासूबाईंचा फोन. "काऊन गं, टीव्हीवर तुझं नाव आलं म्हणते शेजारची! चांगलंच बोलला असंन ना गोरा?"

हो म्हटलं. चांगलंच बोलला.

रविवार, १७ ऑगस्ट

बेडोकला पद्माकरकाकांकडे गेले होते. काका पस्तीस वर्षांपूर्वी शिपयार्डात नोकरीला आले आणि इथलेच झाले. तेव्हापासून एक सामना चुकवलेला नाही. कात्रणांच्या सतरा फाइली आहेत. मी म्हटलं, मला दुःशासनाची सगळी कुंडली पाहिजे.

"कशाला?"

"वाचायला."

काका हसले, पण फाइली काढून दिल्या. तीन तास वाचलं. पूर्व स्लोव्हाकियातल्या कुठल्याशा गावचा. बाप दूध डेअरीत. तिकडे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळायचा, पंचविसाव्या वर्षी इथे आला. सहा मोसम, त्र्याण्णव गोल. नऊ रेड कार्डं, त्यातली दोन स्वतःच्याच कोचला शिव्या दिल्याबद्दल! फोटोत केस खांद्यापर्यंत, छाती पुढे. २००९ च्या सप्टेंबरनंतर एकही कात्रण नाही. निरोपाचा सामना नाही, मुलाखत नाही. मग एका शाळेत पी.टी. शिकवली. मग ज्युनिअर संघाचा कोच. प्रायोजकाच्या तोंडावर "तुमचे बूट पुठ्ठ्याचे आहेत" म्हणाला आणि गेला. मग त्याच्या हातात कोणीतरी माईक दिला.

"खेळणं का सोडलं?" मी विचारलं.

"गुडघा. शेवटच्या मोसमात इंजेक्शनं घेऊन खेळायचा. स्टँडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं." काकांनी फाइल मिटली. "माणूस कडू आहे, संजीवनी. पण खोटं बोलताना मी त्याला ऐकलेलं नाही."

मला एवढंच हवं होतं. इंजेक्शनं. स्वतः सुया टोचून घेऊन खेळला, आणि आम्हाला धडे देतो!

गुरुवार, २१ ऑगस्ट

खोट्या नावाने अकाउंट उघडलं. त्याच्या व्हिडिओखाली लिहिलं: '२००९ मध्ये तू स्वतः किती इंजेक्शनं घेऊन खेळलास, तेही सांग की.'

पाठवून टाकलं. बरं वाटलं. लहानपणी कैरी पाडल्यावर वाटायचं तसं.

शनिवार, २३ ऑगस्ट

सहाशे लाइक्स.

सोमवार, २५ ऑगस्ट

टेओंनी जिन्यात गाठून विचारलं, "तो कागद?" उद्या म्हटलं.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

काल त्याने माझी कमेंट वाचली. शोच्या सुरुवातीलाच, चष्मा लावून. मला वाटलं, आता टाळणार, नाहीतर चिडणार.

"बारा," म्हणाला. "मोजली होती मी. बारा सामने, बारा इंजेक्शनं."

शेजारचे दोघे हसायला लागले आणि थांबले.

मग सांगितलं ते असं. तेव्हाच्या क्लबात एक फिलिपिनो फिजिओ होती. तिने बाराव्याला नकार दिला. हा मॅनेजरकडे गेला आणि म्हणाला, ती राहील नाहीतर मी. सोमवारी तिचं टेबल रिकामं होतं. बारावं इंजेक्शन दुसऱ्याने दिलं आणि त्याच सामन्यात गुडघा गेला. "आता मेट्रो स्टेशनात एस्कलेटर बंद असला की मी उलटा उतरतो. म्हातारी माणसं मला जागा देतात. ती बरोबर होती. मी टॉप स्कोअरर होतो, म्हणून माझं ऐकलं."

चष्मा काढून ठेवला. मग थेट कॅमेऱ्यात बघून: "प्रश्न चांगला होता. आता तसाच एक मिस संजीवनीला विचारा. इर्वानने तिला सांगितलं होतं का?"

मी लॅपटॉप मिटला. रत्नदीप भाजी चिरत होता. त्याने मान वर केली आणि तोही तेच विचारणार असं वाटलं. विचारलं नाही त्याने.

ह्या माणसाचा मला इतका राग येतो की दात दुखतात. कबुलीसुद्धा तो हातोड्यासारखी वापरतो. आपलं पाप चारचौघांत धुऊन घेतलं आणि घाण पाणी माझ्या दारात ओतलं.

रविवार, ३१ ऑगस्ट

इर्वानच्या घरी गेले. चार आठवड्यांत पहिल्यांदा. हॉस्पिटलातही गेले नव्हते, हे आजवर इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.

त्याच्या आईने दार उघडलं, मला ओळखलं, आणि चहा टाकायला गेली. इर्वान सोफ्यावर, पाय उशीवर. पायात स्क्रू आहे. घोटा फुगलेला नव्हता, बोटांना रंग होता. बघितलंच मी, सवयीने.

इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तो म्हणाला, "काक, एक विचारू? मी तुम्हाला सांगितलं होतं ना, दुखतंय म्हणून?"

मी त्याच्या पायाखालची उशी नीट केली.

"मिस्टर टेओ दोनदा येऊन गेले. म्हणतात, मी सांगितलंच नाही. इतक्यांदा म्हणाले की आता मलाच आठवत नाही नीट. कधी वाटतं सांगितलं, कधी वाटतं नुसतं मनात म्हटलं."

तो माझ्यावर चिडलेला नव्हता. खरंच विचारत होता. रस्ता चुकलेला माणूस विचारतो तसं.

"सांगितलं होतंस," मी म्हटलं. "पाय मागे ओढलास. 'थोडं' म्हणालास. मला ऐकू आलं होतं."

त्याने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. त्याची आई चहाचा कप हातात घेऊन दारातच उभी होती. तिने तो माझ्यापुढे ठेवला नाही. परत आत घेऊन गेली.

बरोबर केलं तिने.

मंगळवार, २ सप्टेंबर

समितीला चार पानं लिहून दिली. गुरुवार, टेबल, 'थोडं', एमआरआय, 'सेमीफायनलनंतर', माझी सही. एमआरआयचं मी फक्त तोंडी बोलले, कागदावर कुठेच लिहिलं नाही, तेही. टेओंनी टाइप केलेला कागद सोबत जोडला. त्यावर सही नाही.

रत्नदीपला संध्याकाळी सांगितलं. त्याने मोबाइलवर कॅलेंडर उघडलं. मग: "राणीचं शाळेचं वर्ष नोव्हेंबरात संपतं. तोवर तू माझ्या पासवर राहू शकशील. पुढचं पुढे."

राणीने सगळं ऐकलं होतं. झोपायच्या आधी येऊन माझ्या खांद्याला डोकं टेकून उभी राहिली. लाहसुद्धा म्हणाली नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

समितीचा निकाल काल दुपारी आला. इर्वानच्या उपचारांची जबाबदारी पूर्ण क्लबची. टेओंना ताकीद. मला ताकीद. आणि क्लबचं पत्र: करार तीस तारखेला संपतो, पुढे वाढवणार नाही.

दुःशासन काल काय म्हणाला? "तिने खरं सांगितलं. पाच आठवड्यांनी. पाच आठवड्यांचं दूध हेसुद्धा दूधच असतं, पण पिऊ नका."

वाटलं, उठून त्या स्टुडिओत जावं आणि माईक त्याच्या नरड्यात घालावा. नोकरी गेली माझी! एक शब्द बरा बोलला असता तर जीभ झडली असती?

बुधवार, २४ सप्टेंबर

रविवारी इर्वानसाठी सामना आहे, जुने खेळाडू विरुद्ध आताचे. पोस्टरवर सगळ्यात मोठा फोटो दुःशासनाचा, खांद्यापर्यंत केसांचा, सोळा वर्षांपूर्वीचा. चाळिशीपुढच्या प्रत्येकाला फिजिओची सही लागते, आणि तीस तारखेपर्यंत फिजिओ मीच.

तो चारला आला. पहिल्यांदाच समोरासमोर. स्क्रीनवर वाटतो त्यापेक्षा बुटका आहे. "मिस संजीवनी," म्हणाला, आणि टेबलावर चढायला दोन प्रयत्न लागले.

गुडघा हातात घेतला. आत वाळू भरल्यासारखी करकर. पूर्ण वाकत नाही, पूर्ण सरळ होत नाही. आतल्या बाजूला दाबलं तर मांडीपर्यंत स्नायू ताठरला.

"दुखतं?"

"नाही."

"आता?"

"नाही म्हटलं ना. वीस मिनिटं खेळायचंय. सही कर."

इथे खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहिते. मोह झाला. फॉर्म समोर होता, पेन हातात होतं. दोन अक्षरं: फिट. बाकीचं काम गुडघ्याने आपोआप केलं असतं, हजार लोकांसमोर. मी पूर्ण दोन मिनिटं त्या कल्पनेचा आनंद घेतला.

मग 'अनफिट' लिहिलं. कारणं लिहिली, पाच ओळी. तारीख, वेळ, सही. एक कॉपी काढून पर्समध्ये ठेवली.

तो लाल झाला. "पोस्टरवर माझा फोटो आहे!"

"दिसला."

"तू सूड घेतेस."

"सूड घ्यायचा असता तर सही केली असती."

मग स्लोव्हाकमध्ये बरंच काही. भाषा कळत नाही, पण शिव्यांना भाषांतर लागत नाही. दार आपटून गेला. खिडकीतून बघितलं. बाहेरच्या चार पायऱ्या उलटा उतरला, कठडा धरून, आणि थेट टेओंच्या ऑफिसात शिरला.

रविवार, २८ सप्टेंबर

फिजिओच्या सहीच्या जागी टेओंनी स्वतःच सही दिली. तो खेळला. नवव्या मिनिटाला, जवळ कोणी नसताना, खाली बसला. मी बॅग घेऊन धावले. गुडघा बघता बघता फुगत होता. वर कुबड्यांवर इर्वान, सगळं स्टँड उभं, चिडीचूप.

बर्फ लावला, पट्टी बांधली. स्ट्रेचर यायच्या आधी त्याने माझं मनगट पकडलं.

"ती पाच ओळींची कॉपी आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"गुरुवारी स्टुडिओत घेऊन ये. कॅमेऱ्यासमोर." दात आवळून बोलत होता. "मी नाही वाचणार. तू वाच."