हनोईत पेटवलेला समोवार

प्रिय आई,

हनोईहून तुझ्या रिम्माचा जमिनीपर्यंत वाकून नमस्कार. मी सुखरूप आहे, समोवारही सुखरूप आहे. हे आधीच लिहिते, कारण पुढचं वाचून तू खुर्ची शोधशील.

काल आपल्या देशाच्या प्रदर्शनाचं उद्घाटन झालं. आपल्या तुला शहराच्या दालनाबाहेर मी समोवारच्या मधल्या नळीत पाइनची बोंडं पेटवली, पाहुण्यांशी बोलत राहिले आणि नळीभोवतीच्या भांड्यात चहाचं पाणी घालायचंच विसरले. तोटी जोडणारी कथलाची झाळ वितळली आणि तोटी टपकन खाली पडली. मला रडूच कोसळलं. आजीचा समोवार, आणि समोर मंत्र्यांची रांग.

शेजारी उपग्रहांचे भाग मांडून बसलेला अर्सेनी धावत आला. "मावशी, रडू नका. अंतराळात टिकतं ते चहाला टिकेल," म्हणाला, आणि स्वतःच्या हत्यारांनी तासाभरात तोटी पक्की बसवून दिली. संध्याकाळी चाळीस जणांनी चहा घेतला. तो तर तीनदा आला आणि तुझा बेदाण्यांचा मुरंबा संपवून गेला.

तुझे गुडघे कसे आहेत? शेजारची ल्युबोव लाकडं आणून देते ना?

एक विचारायचं राहिलं. तोटी निघाली तेव्हा तिच्याखाली आणखी एक जुनी झाळ दिसली. अर्सेनी म्हणाला, "हा पूर्वीही कुणीतरी कोरडाच पेटवलाय." पन्नास वर्षं तू मला "आधी पाणी, मग आग" म्हणून ओरडत आलीस. आई, खरं सांग, तेव्हा आजीला तू काय सांगितलं होतंस?

तुझी, आता बोलणी खायला न घाबरणारी,
रिम्मा