शिवेपलीकडचा कोस

बाबा, काल उपासनेहून आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. भाकरी करपली, दूध उतू गेलं, शेजारीण दोनदा विचारून गेली की बाई, बरं नाही का. बरं आहे मला. राग आला आहे. तुमचाच आला आहे, आणि तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर आता रागावणाऱ्या बाईला लोक वेडी म्हणतील, म्हणून कागदावर रागावते आहे.

झालं असं. देश स्वतंत्र झाला. तुम्ही असता तर विश्वास ठेवला नसता, पण झाला. दिल्लीत राज्यघटना लिहायचं काम चाललं आहे आणि म्हणे त्यात येणार आहे की कुणालाही वेठीला धरायचं नाही, सगळी माणसं सारखी, ज्याने त्याने आपापला धर्म पाळावा. काल आमच्या नंदुरबारच्या ख्रिस्ती मंडळीत उपदेशक म्हणाले, हे हक्क काही नवे नाहीत, ते मुळात आपल्या पवित्र शास्त्रातलेच आहेत, जगाने ते आपल्याकडून घेतले. इथवर मी ऐकून घेतलं. पण मग दाखला म्हणून त्यांनी तुम्हांला काढलं. सातपुड्यात शाळा चालवणारे, डोंगरातल्या लोकांना दोन कोसांचं वचन शिकवून माणसात आणणारे मास्तर! त्यांच्या कन्येने येत्या रविवारी साक्ष द्यावी. सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांना तो विनय वाटला.

माणसात आणणारे! आधी ती काय होती?

तळोद्याहून मोलगीकडे चढणाऱ्या वाटेवरचं आपलं गाव मला आजही पायाखाली आठवतं. शाळेची एक खोली, मागे आपलं घर, कुडाच्या भिंती, दारात मोहाचं झाड. थंडी सरली की साहेब दौऱ्यावर यायचा आणि त्याच्याआधी पट्टेवाला. तंबूचे खांब, खाट, पेट्या, कोंबड्यांची खुराडी, सगळं गावातल्या माणसांच्या डोक्याखांद्यावरून जायचं. मजुरी नाही, जेवण नाही, शेतात दाणा पडून राहिला तरी सुटका नाही. पण ह्या जुलमालासुद्धा एक हद्द होती. आपल्या गावची माणसं शिवेपर्यंत ओझं नेत, शिवेवरच्या दगडापाशी उतरवत, आणि पुढच्या गावची माणसं ते उचलत. दगडापाशी ओझं टाकलं की कुठलाही पट्टेवाला पुढे चल म्हणू शकत नव्हता. हे कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नव्हतं. ते त्यांचं त्यांनी मिळवलेलं होतं, कुणाचा किती मार खाऊन ते देव जाणे. आणि तुम्हांला तर वेठ नव्हतीच. मिशनच्या मास्तराला माफी होती.

त्या माणसांना तुम्ही शिकवलंत की कुणी एका कोसाच्या वेठीला धरलं तर आपण होऊन दोन कोस जावं. शाळेच्या खोलीत शेणाने सारवलेल्या जमिनीवर माणसं बसली आहेत, आईचा भाऊ सगळ्यांत पुढे, आणि तुम्ही हात वर करून सांगता आहात, "पहिला कोस सरकारचा. दुसरा आपला. जो आपल्या मनाने चालतो त्याला कुणी गुलाम करू शकत नाही." मी तेव्हा पोरवयाची, पण अंगावर काटा आला होता. खोटं कशाला बोलू, आजही ते वाक्य मला वाईट वाटत नाही. चांगलंच आहे. म्हणून तर जास्त चीड येते.

कारण मामाने ते खरं मानलं. त्या वर्षी साहेबाचं सामान निघालं तेव्हा मामा आणि बाप्तिस्मा घेतलेली आणखी काही माणसं दगडापाशी थांबली नाहीत. हसत पुढे गेली, पुढच्या गावचीही शीव ओलांडून आली. रात्री परतली तेव्हा तुम्ही दारात उभं राहून प्रत्येकाचा हात हातात घेतलात. मामाचा चेहरा असा फुलला होता की जणू लग्न ठरलंय.

पुढच्या वर्षी तळोद्याचा तोच पट्टेवाला आला आणि आपल्या ओट्यावर बसून पाणी पिता पिता म्हणाला, "मास्तर, तुम्हना गावना लोके भलता चांगला शेतस. शीववर बोझं टाकतस नही. मी सायबले सांगं, यास्ले दोन शीव लई जाऊत, यास्ना शास्त्रमाच शे."

तुम्ही हसलात, बाबा. मला नीट आठवतं. तुम्हांला वाटलं, सुवार्ता तळोद्याच्या कचेरीपर्यंत पोचली. ती वहिवाट होऊन पोचली होती! आपल्या मनाने दिलेलं एकदा सरकारने पाहिलं की ते देणं राहत नाही, येणं होतं. तेव्हापासून आख्ख्या गावाला दोन शिवा ओझं न्यायला लागलं, बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही.

त्याच वर्षी मामाला ताप होता. तरी धरून नेलं. पहिल्या शिवेपर्यंत तो गेला, दगडापाशी बसला, तर पट्टेवाल्याने काठीने उठवला. पुढच्या उतारावर पेटीसकट कोसळला. मांडीचं हाड मोडलं ते वाकडंच सांधलं. बैलामागे चालणारा माणूस खाटेवर बसून दोऱ्या वळू लागला.

त्या दिवशी आई चुलीपाशी बसून जे बोलली ते तिच्या बोलीत मला इथे लिहिता येत नाही. कशी येणार? तुम्ही ती बोली आम्हांला घरात बोलू दिली नाहीत. शुद्ध बोला, पुस्तकासारखं बोला. मला फक्त अर्थ ठाऊक आहे. ती म्हणाली, "तुझा देव दोन कोस जायला सांगतो, तर तू जा. माझ्या भावाला का पाठवलंस?" तुम्ही म्हणालात, प्रभू त्याचं फळ देईल. आईने ताटात भाकरी वाढली आणि ताट तुमच्यापुढे न ठेवता जमिनीवरून ढकललं. त्यानंतर ती कधी उपासनेला आली नाही, आणि तुम्ही मंडळीला सांगत राहिलात की तिचे गुडघे दुखतात.

मग दोन शिवांचा तो शेवटचा दौरा. माणसांनी दगडापाशी ओझी उतरवली आणि खाली बसली. "रीत शे ना तुम्हनी! उचला!" पट्टेवाला ओरडला, काठ्या पडल्या, कुणी उठलं नाही. तेव्हा त्याने तुम्हांला बोलावणं पाठवलं. मी तुमच्या मागे धावत आले होते. तुम्ही काखेत शास्त्र घेऊन त्या बसलेल्या माणसांपुढे उभे राहिलात आणि म्हणालात, "उचला. अधिकाऱ्यांना देवाने नेमलं आहे." गावच्या कारभाऱ्याच्या कपाळातून रक्त येत होतं. त्याने पेटीकडे बोट केलं आणि म्हणाला, "मास्तर, तू उचल."

तुम्ही उचलली नाहीत. वळून शाळेत आलात आणि आम्हांला पाढे म्हणायला लावलेत. बाहेर माणसं मार खात होती आणि आत आम्ही बे एके बे. पण त्या वर्षानंतर आपल्या गावाचं ओझं पुन्हा शिवेवरच उतरायला लागलं.

तर हक्क शास्त्रातून आले, हे उपदेशकांनी मला सांगू नये. त्यात देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा घडवला असंही आहे आणि मालकाचं ऐका असंही आहे. कुणी कुठलं पान उघडायचं हे ज्याच्या डोक्यावर ओझं नाही तोच ठरवत आला. तुम्ही लबाड नव्हता, हेच मला सोसत नाही. लबाड असता तर कधीच विसरले असते. तुम्ही मनापासून मानत होतात, आणि दुसरा कोस मामाच्या पायांनी चाललात.

रविवारी मी उभी राहणार आहे. दगडाचं सांगणार, मामाच्या मांडीचं सांगणार, "तू उचल" हेही सांगणार. मंडळीला आवडलं नाही तर नाही. फक्त साक्षीच्या आधी ते दोन कोसांचं वचन मीच वाचून दाखवावं असं उपदेशकांचं म्हणणं आहे, ते मी नाकारणार आहे. खरं कारण त्यांना सांगणार नाही, हा कागद तर कुठे जायचाच नाही, म्हणून इथे लिहिते. बाबा, तुमचा आवाज मी विसरले आहे. हाक मारतानाचा, रागावतानाचा, शेवटच्या आजारातला, सगळा गेला. तेवढं एक वचन डोळ्यांपुढे आलं की मात्र तो अजून ऐकू येतो. माझ्या तोंडाने वाचलं तर तोही पुसला जाईल, अशी मला भीती वाटते.