स्वर्णरेखेत सोडायची स्थळं

हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर

प्रिय सीमंतिनी,

तू फोनवर मला ब्लॉक केलंयस, म्हणून पोस्टाने लिहितोय. नई सडकवर पाकीट घ्यायला गेलो तर दुकानदार विचारतो, “भैया, शादी वाला लिफाफा दूँ?” मी खामखा त्याच्यावर भडकलो. माझा स्वभाव तुला माहीतच आहे.

तुझा राग मी कॉलेज सोडलं त्यावरून आहे, कळतं मला. पण सरांनी फळ्यावर आपली स्वर्णरेखा नदी काढून खाली ‘नाला’ लिहिलं, तेव्हा मी गप्प कसा बसणार? पहिल्या वर्षी पुलावर थांबून तूच म्हणाली होतीस, ही नदी आहे, आपण तिला सिमेंटमध्ये कोंबलंय. मी फळा पुसला, वर्गातून निघालो आणि परत गेलोच नाही. मान्य, पाचव्या सेमिस्टरला एवढं करायची गरज नव्हती. तू डिग्री घेऊन पुण्याला पाण्याचं पुढचं शिकायला गेलीस, आणि मी त्याच पुलावर निर्माल्याच्या ड्रमपाशी उभा आहे.

ड्रम कंपू मोहल्ल्यातल्या सुधाताईंचा. रिटायर्ड टीचर आहेत, नदीत कचरा जाऊ न देणारा आमचा ग्रुप त्याच चालवतात. फुलं खताला, कागद वेगळा, प्लॅस्टिकची पन्नी ज्याची त्याने घरी न्यायची. त्यांनी मला एकच नियम शिकवला: आधी हात जोडायचे, मग बोलायचं. माझं बहुतेक उलटं होतं.

महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक स्कूटर थांबली. हेल्मेट, वासामुळे नाकाला रुमाल. एका हाताने नाक दाबून दुसऱ्या हाताने नदीला नमस्कार! माझं डोकंच फिरलं. पिशवी हिसकली ती फाटली. पत्री, फुलं आणि खाली कागदांची गड्डी. मी विचारलं, “हे काय?” रुमालातून आवाज आला, “वर श्रीगणेशाय नमः लिहिलंय. कचऱ्यात कसे टाकणार? वाहत्या पाण्यात सोडायचे असतात.” मी म्हटलं, वाहतंय कुठे काका, बघा तरी! गर्दी जमली होती, मला चेव आला. एक कागद उचलून मोठ्याने वाचायला लागलो. “चिरंजीव अमुक, इंदूर, उंची पाच फूट नऊ, शाकाहारी. याला नदीत सोडताय? आतले डास लग्न लावणार आहेत का?” लोक हसले. मी आणखी जोरात कोपऱ्यातलं पेन्सिलीचं वाचलं: “सीमंतिनी नाही म्हणते.”

मी कागद उलटा केला.

हेल्मेट निघालं. तुझे बाबा. म्हणाले, “झालं वाचून? का गोत्रपण सांगतोस लोकांना?”

मी खाली बसून कागद गोळा केले. पाच होते. पाचांवर तेच, तू नाही म्हणतेस. शेवटच्यावर पुढे लिहिलेलं, ‘का ते सांगत नाही.’ बाबाही शेजारी उकिडवे बसले. फुलं त्यांनी स्वतःच ड्रममध्ये टाकली, फाटकी पन्नी घडी करून खिशात ठेवली. मग हळूच म्हणाले, “तू तिच्या वर्गात होतास ना? आम्ही विचारलं की म्हणते, सध्या नको. तिच्या आईला झोप नाही रे. तुला काही माहीत आहे?” एवढा ओरडणारा मी, मला ‘नाही काका’सुद्धा धड म्हणता आलं नाही. ते उठून उभे राहिले. म्हणाले, “दसऱ्याला घरी ये. माहीत असेल ते सांग.”

म्हणून हे पत्र. चार वर्षांत तुला हे कधी विचारलं नाही, नुसता भांडत राहिलो. तुझ्या नाही म्हणण्याचं कारण मी आहे का? नसेन तर बिनधास्त तसं लिही. मी दसऱ्याला जाऊन सांगेन की मला काही माहीत नाही, आणि तेव्हा ते खरं असेल. पण असेन, तर काय सांगायचं, किती सांगायचं, ते नीट लिहून पाठव. तुझ्या बाबांसमोर मी आधीच एकदा फार बोललोय.

तुझाच (हा शब्द लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला),
ध्रुव