मोहाखाली बसलेला रेडा

मंगळवार, १४ मे

उद्या रंगारी येणार आणि वेशीवरच्या फलकासाठी गावाचा इतिहास मी द्यायचा. गावातली एकटी लेखिका ना मी!

नव्वदीच्या सखूबाईंनी सांगितलं तेच लिहिलं होतं. पूर्वज पुढे कुठेतरी चालले होते, इथल्या मोहाच्या झाडाखाली गाडीचा रेडा बसला, तीन दिवस उठलाच नाही, म्हणून गाव इथे वसलं. सरपंचभाऊ सकाळी म्हणाले, "बाई, लोक हासतीन ना! वाघ मारला असं टाका."

मी रेडाच ठेवला. का एवढा हट्ट? मीही लग्न होऊन आले ती इथे बसलेच की.

आणि संध्याकाळी वरच्या टोलीचे, म्हणजे वरच्या वस्तीतले, चौघे अंगणात. "रेडा आमचा होता, तसं लिवा." पाठोपाठ खालच्या टोलीचे. "त्यायच्याकडं गाडीच नोयती. रेडा आमचा!"

कोणाचंही नाव लिहिलं तरी अर्धं गाव माझ्याशी बोलणं टाकणार. सखूबाईंकडे धावले. "रेडा खरंच कोणाचा होता?"

त्या तंबाखू मळत म्हणाल्या, "माही आजी सांगे, उठवाच्या वक्ती त तो कोनाचाच नोयता."

हेच देते उद्या रंगाऱ्याला.