घाटातल्या पाण्याची खबर

॥ मन्मथस्वामी प्रसन्न ॥
बीड, दि. १४ मे २००६

चि. सौ. कावेरीस थोरल्या भावाचे आशीर्वाद.

इकडे ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे तसेच. संगमेश्वररावांना दवाखान्यातून घरी सोडलं, हे कळलं. बोलणं परत आलं का? घास गिळता येतो का? लगेच कळव, जीव थाऱ्यावर नाही.

सुग्रीवच्या नेट कॅफेत मी आता जात नाही. त्या यात्रेच्या वेबसाइटची किळस आली आहे. पूर्वी साधी होती. मी सांगायचो, सुग्रीव टाइप करायचा : श्रीशैलची पायवाट, कुठे मठ, कुठे जेवण. सोलापूर-गुलबर्ग्याची माणसं खाली माझ्या चुका दाखवायची, मी दुरुस्त करायचो. सातवी शिकलेल्या मला 'सर' म्हणायची! मग जाहिराती आल्या. पान उघडेना, लिहिलेलं मध्येच गायब, लिहिल्याच्या तारखाही काढून टाकल्या. जाणती माणसं वैतागून गेली आणि शिळी माहिती ताजी म्हणून तिथेच कुजत राहिली.

संक्रांतीला आपला आश्रुबा श्रीशैलहून आला. म्हणाला, घाटातल्या मठाला कुलूप लागलंय, टाकं कोरडं आहे. ते लिहायला मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा सगळं पुसलं गेलं. सुग्रीव म्हणाला, "काका, नाद सोडा. मेलीय ती." मी सोडला.

इथेच पत्र संपवणार होतो. पण ते खोटं झालं असतं.

तुम्ही दोघं यात्रेला निघण्याआधी तुझे संगमेश्वरराव माझ्या दुकानात आले होते. मी वाटेचं बोलायला लागलो, तर त्यांनी खिशातून छापील कागद काढला. "अण्णा, तुमी कावून तकलीफ घेता? नेटवर समदं हाय."

कागदावर माझीच वाक्यं होती, नाव नव्हतं. 'घाटात मठ आहे. टाक्याला बारमाही पाणी.'

मला लई राग आला. विचारा मग कागदालाच, असं मनात म्हणालो. त्यांना चहा पाजला आणि गप्प बसलो.

वेबसाइट घाणेरडी, पण माझं तोंड कुणी बंद केलं नव्हतं. उन्हात त्या कुलपापाशी ते कोसळले आणि तू रिकामी बाटली त्यांच्या ओठांवर झटकत होतीस, हे तू रडत सांगितलंस. मी मान हलवत ऐकलं. आता स्वतःची शिसारी येते.

पुढच्या रविवारी माजलगावला येतो. त्याआधी हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. त्यांनी तोंड फिरवलं, तर मी दारातूनच परत जाईन. तू थांबवू नकोस.

सगळं माहीत असलेला,
सिद्धलिंग