वाघदेव कुणीकडे?

चि. सौ. जयवंतीस दादाचा आशीर्वाद.

काल आमच्या ग्रामसभेत ठराव झाला. सुरगाण्याच्या या टोकाला रस्ता नाय, दवाखाना लांब, म्हणून गाव गुजरातला जोडा. सगळ्यात मोठ्याने मीच ओरडलो. लग्न होऊन तू ओहोळापलीकडे गुजरातच्या डांगात गेलीस, तेव्हापासून तुझ्या दारातला डांबरी रस्ता माझ्या डोळ्यात खुपतोय.

घरी येतो तर तुझा फोन! तुमच्या गावानेही ठराव केला, महाराष्ट्रात जायचं. पोरांना मराठी शाळा पाहिजे. आता दोन्ही सरकारांनी ऐकलं, तर मी तिकडे, तू इकडे, आणि मधे ओहोळ तोच! ‘आधी मला विचारायचं नाय का?’ म्हणून तू फोन आपटलास. बाई, तू तरी मला विचारलंस का?

हे पत्र पोस्टात टाकत नाय. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला ओहोळाकाठी दोन्ही गावं मिळून वाघदेवाची खीर करतीलच. तांदूळ आमचा, गूळ तुमचा. तिथेच पोटभर भांडू. दोन्हीकडची गुरं तोच राखतो, आणि त्याला अजून कुणीच विचारलं नाय, देवा, तू कुणीकडे?

तुझा,
अजून तरी महाराष्ट्रातला,
हिरामणदादा