गाड्या बंद, बाजार चालू

३ डिसेंबर
डोकं फिरलंय! पालिकेचा कागद आला — बाजारपेठेत महिनाभर संध्याकाळी चार ते नऊ गाड्या बंद. प्रयोग म्हणे! माझं भांड्यांचं दुकान आहे, फुलांचं नाही. मोठा टोप घेणारं गिऱ्हाईक तो काय डोक्यावरून नेणार? ‘बंदी उठवा’ असा अर्ज लिहिला. दोन पानी.

४ डिसेंबर
सव्वीस सह्या. समोरचा चहावाला रविराज मात्र म्हणतो, “गुणाजीकाका, माका तर बरा वाटता.” शिरा पडो तुझ्या तोंडार! अर्ज देऊन आलो.

८ डिसेंबर
टोप एकही गेला नाही.

पण पितळी कढईवर टिचकी मारली आणि ठणठणीत आवाज आला. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना “नाद बघा” सांगतोय. हॉर्नांच्या गोंगाटात मीच कधी नीट ऐकला नव्हता!

११ डिसेंबर
यशोदा बाजारात आली! चार वर्षांपूर्वी टेम्पोचा धक्का लागल्यापासून बायकोने इथे पाऊल टाकलं नव्हतं. मासळी मीच न्यायची आणि रोज तिची बोलणी खायची.

आज रस्त्याच्या मधोमध उभी राहून मासळीवाल्या कृष्णाबाईशी अर्धा तास गप्पा. मी सवयीने ओरडलो, “बाजूक हो गो!”

“कित्याक? गाडी खंय आसा?”

मीच पायरी उतरून रस्त्यात गेलो.

१५ डिसेंबर
रोज येते. माळायला आबोली घेते, मासळीही तीच निवडते. आज दोघांनी चालत चालत आइस्क्रीम खाल्लं. लोक बघत होते. बघोत मेले! लई खूश आहे मी. आणि एक टोप गेला — माणसाने खरंच डोक्यावरून नेला!

१७ डिसेंबर
अर्ज मागे घ्यायला गेलो. कचेरीतल्या बाई म्हणाल्या, “काका, तो तर वर गेला. फार मुद्देसूद होता हो!”

तसाच परत आलो.

२० डिसेंबर
बंदी उठली. व्यापाऱ्यांनी बोलावून मला शाल-नारळ दिला!

“गे बाय माझे, ही शाल कसली?” यशोदाने विचारलं. सांगावंच लागलं. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. “माका आता बाजार नको,” एवढंच म्हणाली, जेवताना. लाज वाटली मला.

२१ डिसेंबर, साडेचार
यशोदा आली! दुकानातली खुर्ची उचलली, भर रस्त्यात मांडली आणि बसली. मागे तीन गाड्या, एक टेम्पो, सगळे हॉर्न मारतायत. अर्जावर सह्या केलेले ओरडतायत — “गुणाजी, बायलेक समजाव!”

दुसरी खुर्ची घेऊन चाललोय.